राहिलेल्या दोन गोळ्या

आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यात माझ्या नवऱ्याला सगळे अर्धेराव म्हणतात. हे नाव ठेवणारी मीच, आणि ठेवलं तेव्हा आमचं लग्न व्हायचं होतं. ह्यांचं सगळंच अर्धं. चहा अर्धा, वाक्य अर्धं, शर्टाची बटणं अर्धी लावलेली. पुस्तकांच्या पाठींना खळ लावायला बसले की सात पाठी लावायचे, आठवीवर ब्रश तसाच टाकून उठायचे आणि खिडकीशी जाऊन समोरच्या छपरावर पत्रे ठोकणाऱ्या माणसाकडे बघत उभे राहायचे. ब्रश वाळून पाठीला चिकटायचा. मी फोल्डिंगच्या टेबलावरून ओरडायचे, की अहो अर्धेराव, उरलेलं अर्धं कोण करणार, तुमचे सासरे? पुढे ते सासरे माझेच वडील निघाले. ह्यात माझी चूक किती आणि नशिबाची किती, ते मी अजून ठरवलेलं नाही.

मी तोंडाची फटकळ आहे. कारखान्यात मला कुणी उलटून बोलत नाही, मालकसुद्धा जपून बोलतात. पण आज जे सांगतेय त्यात फटकळपणा माझ्या काही कामाचा नाही. ह्यांच्यावर जे बालंट आलं ते माझ्यामुळे आलं, आणि ते ह्यांनी दहा आठवडे मुकाट्यानं अंगावर घेतलं. तेव्हा आता हातचं राखून काही ठेवत नाही.

माणूस वाईट नव्हता हो. आळशी तर मुळीच नव्हता. पण शाळेत असल्यापासून सगळ्यांनी आळशीच ठरवलेलं. कारखान्यात वीस वर्षं खळीच्या टेबलावर काढली, आणि ती वीस वर्षं नजर लागलेली होती कटिंग मशीनवर. पुस्तक शिवून झालं, कव्हर चढलं, की ते तिन्ही बाजूंनी कापून साफ करायचं असतं. ते करणारा माणूस आमच्याकडे सगळ्यात वरचा. मशीनचं पातं माझ्या हाताएवढं लांब, आणि दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबल्याशिवाय ते खाली येत नाही, म्हणजे हात आत राहायची भीती नको. तरी त्या मशीनपाशी लक्ष इकडेतिकडे गेलेलं चालत नाही. माप एका रेघेनं चुकलं की दोनशे पुस्तकं वाया. अर्धेरावांना मशीनवर कोण उभं करणार? मालक हसून विषय बदलायचे. हेही हसायचे. घरी आल्यावर मात्र जेवताना मला सांगत बसायचे, की आज कटिंगच्या मास्तरांनी पातं बदललं, नवीन पात्याचा आवाज वेगळाच येतो. मी म्हणायचे, आधी ताटातलं संपवा.

मुलीच्या शाळेतून चिठ्ठी आली, की हिचं वर्गात लक्ष नसतं, डॉक्टरांना दाखवा. आम्ही तिघं गेलो. डॉक्टरबाई पोक्त, चष्मा कपाळावर चढवून बोलणाऱ्या. मुलगी खुर्चीत गप्प बसून होती. तिचा बाप तेवढ्या वेळात तीनदा उठला, भिंतीवरचं कॅलेंडर पुढच्या वर्षापर्यंत वाचून आला आणि टेबलावरचा पेनांचा डबा उपडा केला. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. डॉक्टरबाईंनी मुलीला तपासलं, दोनचार प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, हिला चष्मा लागणार, बाकी काही नाही. मग पेनं गोळा करणाऱ्या ह्यांच्याकडे बघून त्यांनी विचारलं, तुमचं लहानपण कसं गेलं?

"मार खाण्यात," हे म्हणाले आणि हसले.

पण मग हसू थांबलं आणि सांगायला लागले. अठरा वर्षं संसार केला होता मी, त्यातलं निम्मं मला ठाऊक नव्हतं. पुस्तकातली एक ओळ पाच पाच वेळा वाचायचे म्हणे. घरून निरोप घेऊन निघायचे आणि दाराबाहेर आठवायचाच नाही. मास्तरांनी बाकावर उभं केलं की बरं वाटायचं, कारण उभं राहिलं की पाय हलवता यायचे. मी जिला चेष्टा समजत आले ती ह्यांच्या जिवाशी होती, हे मला त्या खोलीत कळलं.

तपासण्या झाल्या, आमच्या चारपाच खेपा झाल्या. शेवटी डॉक्टरबाई म्हणाल्या, लक्ष एका जागी न ठरण्याचा हा आजार आहे, लहानपणापासूनचा आहे, आणि त्याला औषध आहे. पण औषध उत्तेजक जातीचं, म्हणून त्याला शिस्त लागते. शिस्त म्हणजे काय ते गोळी हातात येण्याआधीच कळलं. घराण्यात कुणाला हृदयाचं दुखणं होतं का, तरण्या वयात कुणी अचानक गेलं का, दारू किती, तंबाखू किती, झोप कशी, पूर्वी कधी मन खचलं होतं का. छातीची ईसीजीची पट्टी काढली, रक्तदाब मोजला, वजन घेतलं. लग्न ठरवताना माझ्या वडिलांनी एवढी चौकशी केली असती तर, असं मी म्हटलं, तेव्हा डॉक्टरबाई पहिल्यांदा हसल्या.

मग त्यांनी आम्हाला दोघांना समोर बसवून सांगितलं. रोज सकाळी न्याहारीनंतर एक गोळी. दुपार उलटल्यावर घ्यायची नाही, झोप जाते. चहा-कॉफी कमी. सर्दीखोकल्याचं साधं औषधसुद्धा मला विचारल्याशिवाय घ्यायचं नाही, त्यातल्या काहींनी ह्या गोळीबरोबर रक्तदाब चढतो. छातीत दुखलं, धडधडलं, घेरी आली तर उद्यावर टाकायचं नाही, तडक दवाखाना. गोळ्या कुलपात ठेवायच्या, दुसऱ्या कुणाला द्यायच्या नाहीत, महिन्याला उरलेली पाकिटं घेऊन यायचं. आणि एखाद्या दिवशी चुकली तर चुकली. दुसऱ्या दिवशी नेहमीची एकच. ती गोळी भरून काढायची नाही.

हे शेवटचं मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. मान डोलावली होती. मला कुणी सांगितलंच नाही असं म्हणायला मला तोंड नाही.

गोळ्यांची किल्ली माझ्याकडे आली, कारण ह्यांच्याकडे दिली असती तर आधी किल्ली शोधायला डॉक्टर लागला असता. पहिले काही दिवस तोंड कोरडं पडायचं, भूक मेली होती. मग डॉक्टरबाईंनी मात्रा थोडी बदलली आणि अंगाला मानवली. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ह्यांनी न उठता चाळीस पाठींना खळ लावली. ब्रश पाण्यात ठेवला, हात पुसले, माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. डोळे भरलेले.

"सगळ्यांचं डोकं एवढं शांत असतं का गं?" असं हळू आवाजात विचारलं.

मी, जिची जीभ कधी अडत नाही, ती समोरच्या कागदांच्या घड्या घालत बसले.

दीड वर्षानं कटिंगचे मास्तर निवृत्त व्हायचे झाले, तेव्हा त्यांनीच मालकांना सांगितलं की अर्धेरावांना शिकवतो. मालक कां-कूं करत होते. मास्तरांनी सहा महिने शेजारी उभं राहून शिकवलं. आणि एक दिवस हे एकटे मशीनवर उभे राहिले. अंगठ्यानं गठ्ठ्याची कड चाचपायची, माप दोनदा बघायचं, दोन पावलं मागे येऊन एकदा सगळं नजरेखालून घालायचं आणि मगच बटणं दाबायची. सेहेचाळीसाव्या वर्षी माणूस पहिल्यांदा ताठ उभा राहायला शिकला. घरात चहाचे कप रिकामे सापडायला लागले. अर्धेराव हे नाव राहिलं, पण म्हणणाऱ्यांचा सूर बदलला.

मीही थोडी चढले होते म्हणा. शिलाईवरची एक बाई माझ्याकडे आली, की तिच्या मुलाची परीक्षा आहे, एक-दोन गोळ्या दे, डोकं चालतं म्हणतात. मी तिची अशी हजेरी घेतली की ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्याच्या नावची गोळी पोराच्या पोटात घालतेस, त्याचं हृदय कसं आहे तुला ठाऊक आहे का, लाज नाही वाटत? असं सगळ्यांच्या देखत सुनावलं. सगळे नियम मला तोंडपाठ. नियम सांभाळणारी बाई म्हणून मिरवायला मला आवडत होतं, खोटं कशाला बोलू?

आता आमच्या कामातली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. पुस्तक फर्म्यांनी बनतं. सोळा पानांची एक घडी म्हणजे एक फर्मा. दहा फर्म्यांचं पुस्तक असेल तर दहा गठ्ठे ओळीनं मांडायचे आणि टेबलाभोवती फिरत प्रत्येकातला एकेक उचलत जायचं. हजार पुस्तकं झाली की सगळे गठ्ठे एकदम संपायला हवेत. एखाद्या गठ्ठ्यात फर्मा उरला, तर तो जास्तीचा नसतो. कुठल्या तरी पुस्तकात तेवढी पानं गेलेली नसतात. मग काम थांबवायचं, ते पुस्तक शोधायचं आणि राहिलेलं आत घालायचं, तोवर कुणी घरी जायचं नाही. बावीस वर्षं मी हे करतेय. माझ्या हातून असं पानं राहिलेलं, भोकाचं पुस्तक बाहेर गेलेलं नाही. उरलेलं काही दिसलं की माझे हात शिवशिवतात.

त्या वर्षी माझ्या ताईचं ऑपरेशन होतं. मी दोन दिवस तिच्याकडे गेले. जाताना दोन गोळ्या एका झाकणात काढून न्याहारीच्या टेबलावर ठेवल्या आणि ह्यांना दोनदा बजावलं. परत आले तर झाकणात दोन्ही गोळ्या जशाच्या तशा. विसरले होते. आणि विसरलोय हेही विसरले होते, म्हणून दोन्ही दिवस मशीनवर उभे राहिले. दुसऱ्या दिवशी दोनशे पुस्तकं अशी कापली की बाहेरच्या कडेची अक्षरंच गेली. मालकांनी आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाले, की अर्धेराव, पुन्हा असं झालं तर मशीनवर दुसरा माणूस घ्यावा लागेल. हे सगळं ह्यांनी स्वतःच मला सांगितलं, आणि सांगताना आवाज आत जात होता.

रागवायचं मला सुचलं नाही. मला दिसत होतं ते झाकण, त्यातल्या दोन गोळ्या. माझ्या डोक्यात एकच, की ह्या दोन आत गेल्या नाहीत म्हणून माणसाला भोक पडलंय. राहिलेलं आत घालायचं. आठवड्याभरात डॉक्टरबाईंकडे जायचं होतं, तिथं दोन जास्त निघाल्या तर त्या विचारतील, बाई, तुम्ही कसल्या सांभाळता? तेही मनात होतंच. चांगलं वाटत नाही सांगायला, पण होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ह्यांच्या तळहातावर तीन गोळ्या ठेवल्या.

हे थबकले. "तीन?" म्हणाले.

"डॉक्टरबाईंना फोन केला होता," मी म्हणाले. "राहिलेल्या घेऊन टाका म्हणाल्या."

मी फोन केला नव्हता. नवरा माझ्या तोंडाकडे बघून तिन्ही गोळ्या पाण्याबरोबर गिळून गेला. ह्यांना आदल्या दिवसापासून सर्दी होती आणि कारखान्यात पोचल्यावर कुणीतरी दिलेली सर्दीची गोळी ह्यांनी घेतली, हे मला नंतर समजलं. सकाळपासून दोन कप काळी कॉफीही झाली होती, आज लक्ष ठेवायचं म्हणून.

अकराच्या सुमाराला मशीनचा आवाज थांबला. मी वर बघितलं. ह्यांचा चेहरा लाल, कपाळावरून घाम गळत होता आणि हात थरथरत होते. बटणांवरून हात काढले, मशीनचा मुख्य खटका बंद केला, दोन पावलं मागे आले आणि मग गठ्ठ्याला पाठ टेकून खाली बसले. छातीवर मूठ धरली होती. मी धावले तर म्हणाले, अगं, घोडं धावतंय आत, थांबतच नाही. मालकांनी स्वतः गाडी काढली.

दवाखान्यात तारा लावल्या, सुई लावली. रक्तदाब इतका चढला होता की नर्सनं दोनदा मोजला. तरुण डॉक्टरनं विचारलं, कुठलं औषध चालू आहे? मी नाव सांगितलं. आज किती घेतल्या? मी मागे वळून बघितलं. मालक शेजारी उभे होते, शिलाईवरची ती बाईही आली होती, जिला मी सगळ्यांच्या देखत सुनावलं होतं. ह्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. एवढं बघितलं आणि ह्यांना सगळं कळलं, फोनसकट.

"तीन घेतल्या," हे म्हणाले. "मीच घेतल्या. काम जास्त होतं म्हणून."

मी तिथंच बोलायला हवं होतं. नाही बोलले.

धडधड संध्याकाळपर्यंत उतरली. एक दिवस ठेवून घेतलं आणि सोडलं. मरणाच्या दारातून आणला असं मी म्हणणार नाही, पण डॉक्टर म्हणाला की हृदय थोडं कमजोर असतं तर गोष्ट वेगळी झाली असती. हे वाक्य अजून मला जेवताना आठवतं.

डॉक्टरबाईंनी दवाखान्याचा कागद वाचला. कामासाठी स्वतःहून मात्रा वाढवली, असं त्यात लिहिलं होतं. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, आणि त्या तसं फार क्वचित करत. म्हणाल्या, जो माणूस जास्त काम व्हावं म्हणून आपल्या मनानं ह्या गोळ्या वाढवतो, त्याच्या हातात मी त्या ठेवू शकत नाही. आज तीन, उद्या पाच. ह्यानं माणसं व्यसनात जातात, तुमचं हृदयही धोक्यात येईल. औषध बंद. हे मान खाली घालून हो म्हणाले. मी शेजारीच बसले होते. पर्स घट्ट धरून.

गोळी बंद झाली म्हटल्यावर मशीनही गेलं. त्यात मालकांची चूक नव्हती, ह्यांनी स्वतःच जाऊन सांगितलं की मला आता तिथं उभं करू नका. बाहेरून एक कटिंगवाला आला. हे परत खळीच्या टेबलावर. पहिल्या आठवड्यात ब्रश तीनदा वाळले. चहा परत अर्धा राहायला लागला, आणि तो अर्धा कप मोरीत ओतताना मला रोज चटका बसायचा. शिलाईवरची बाई एकदा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, तू एवढं जपायचीस, आणि ह्यांनी बघ कसं केलं तुझ्या पाठीमागे. माझी कीव करत होती ती, आणि मी ती कीव घेत होते.

घरी एकदा धीर करून मी विषय काढला, की तुम्ही दवाखान्यात असं का सांगितलंत?

"कुठल्या दवाखान्यात?" हे म्हणाले, आणि वर्तमानपत्र उलटं धरून वाचायला लागले. विसरल्याचं सोंग आणायची ह्यांना जन्मभराची मुभा होती. मला तेही फावलं. मी पुन्हा विचारलं नाही.

नववा आठवडा होता. नवीन माणूस गठ्ठा कापत होता आणि हे खळ लावता लावता थांबले. मान वाकडी करून ऐकत राहिले. मग ब्रश ठेवून उठले आणि मशीनपाशी गेले. म्हणाले, पातं बोथट झालंय, आवाज ओढल्यासारखा येतोय, खालची पुस्तकं तिरकी जातील. नवीन माणूस बिचारा गोंधळला. मालक दारातून आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, अर्धेराव, जागेवर बसा.

हे बसले. ब्रश उचलला. पाचच मिनिटांत गठ्ठा काढला तर खालची पुस्तकं तिरकी गेलेली होती. ते सगळ्यांना दिसलं, पण कुणी काही म्हटलं नाही. हेही नाही. मी ह्यांच्याकडे बघत होते. शाळेत बाकावर उभं केलेलं पोर असंच दिसत असणार. आणि उभं मी केलं होतं.

आठवड्यानं रक्तदाब दाखवायला जायचं होतं. आम्ही गेलो. डॉक्टरबाईंनी हाताला पट्टा बांधला, आकडा लिहिला, ठीक आहे म्हणाल्या. हे उठायला लागले. मी म्हणाले, थांबा.

आणि सांगितलं. झाकण, दोन गोळ्या, उरलेला फर्मा, न केलेला फोन, नंतर समजलेली सर्दीची गोळीसुद्धा. तुमचं नाव घेऊन मी खोटं बोलले, म्हणाले. ह्यांनी स्वतःहून एकही गोळी कधी जास्त घेतलेली नाही. हे मध्ये दोनदा मला गप्प करायला गेले, पण मी आता थांबणाऱ्यातली नव्हते.

डॉक्टरबाई रागावल्या. रागावायलाच हव्या होत्या. म्हणाल्या, माझं नाव सांगून तुम्ही नवऱ्याला तिप्पट औषध दिलंत, आणि नंतर गप्प बसलात. ह्यांना काही झालं असतं तर तुम्ही काय सांगितलं असतंत, मीच सांगितलं होतं म्हणून? मी म्हणाले, माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. मग त्या ह्यांच्याकडे वळल्या, की तुम्ही का खोटं बोललात? तुमचंही औषध गेलं, काम गेलं. सर्दीची गोळी घेतली तेव्हाही मला विचारलं नाहीत, तेही सांगितलं नाहीत.

हे बराच वेळ बोटांवरची खळ खरवडत होते. मला वाटलं, वाक्य अर्धं राहणार.

"ही बावीस वर्षं फोल्डिंगच्या टेबलावर आहे," शेवटी म्हणाले. "हिच्या हातून एक फर्मा इकडचा तिकडे गेलेला नाही. माझ्याकडून चुका होतात, ते सगळ्यांना सवयीचं आहे. हिची चूक लोकांनी कधी बघितली नव्हती. ती बघायला नको, असं वाटलं मला."

मी मान वर करू शकले नाही.

डॉक्टरबाईंनी जुना कागद काढून त्यावर खाडाखोड केली नाही, खाली नवीन नोंद लिहिली. म्हणाल्या, लगेच काही होणार नाही. छातीची पट्टी पुन्हा काढू, हृदयाच्या डॉक्टरांना दाखवू, सगळं नीट असेल तर अगदी कमी मात्रेपासून सुरू करू, दर पंधरा दिवसांनी रक्तदाब. मशीनचं मात्र मी सांगू शकत नाही, म्हणाल्या. ते मालकांवर आहे. हे हो म्हणाले. मशीन मिळेल की नाही, ते आजही ठरलेलं नाही.

मग त्यांनी पेन खाली ठेवून ह्यांना विचारलं, गोळ्या आता कुणाकडे ठेवायच्या? मुलगी मोठी झालीय, तिच्याकडे ठेवता येतील. किंवा आठवड्याच्या आठवड्याला इथून न्या.

मी म्हणाले, माझ्याकडे नकोत. हे मी मनापासून म्हणाले. किल्ली पर्समधून काढून टेबलावर ठेवली.

ह्यांनी ती उचलली आणि माझ्या हातात परत दिली.

"हिच्याकडेच राहू द्या," डॉक्टरबाईंना म्हणाले.

"नीट विचार करून सांगा," त्या म्हणाल्या. "चूक ह्या बाईंच्याच हातून झालीय."

"म्हणून तर. मी विसरेन, मुलगी विसरेल. ही आता मरेपर्यंत विसरणार नाही."

ह्यांनी ते चिडून म्हटलं नव्हतं, समजूत काढायलाही नव्हतं. रोजचं सांगावं तसं सांगितलं. आणि खरं होतं ते. मी त्या खोलीत लहान मुलासारखी रडले, आणि डॉक्टरबाई पुढची तारीख लिहीत राहिल्या.